काळ्या मातीतला एक सेकंद

बाजारात लाकडाचे नंदी आले की माझी पावलं अडखळतात. नंदी बिचारे निरुपद्रवी. तान्ह्या पोळ्याला पोरांनी दोरी बांधून ओढायचे, पायाखाली चार चाकं, शिंगांना चमचमता कागद. दुकानदार ते रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडतो आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिथं उभी राहते. ती चाकं बघते. पोळा आला म्हणजे लोकांना पुरणपोळी आठवत असेल. मला आठवतं पेट्रोल, तूप-हळद आणि एक सेकंद. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी कुणालाही सांगते. तिसरी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आधी ओळख करून देते, नाहीतर म्हणाल, ही बाई कोण आणि हिचा गाड्यांशी काय संबंध. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. तीस वर्षं शिट्टी फुंकली, पोरींना पळवलं, हातातल्या स्टॉपवॉचनं त्यांचे सेकंद मोजले. माझा नवरा उमरेड रोडवर गॅरेज चालवायचा. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, साऱ्या जगाचे ते दिनूभाऊ. लिहिताना मीही दिनूभाऊच लिहिते, एवढी चैन तर करू द्या.

या दिनूभाऊंना पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी पळवायचं खूळ लागलं. डांबरी रस्त्यावर नव्हे, मातीवर. शेतात आखलेला वळणावळणाचा ट्रॅक, एका वेळी एकच गाडी, समोर शत्रू कुणी नाही. असतं ते फक्त घड्याळ. भंगारातून एक जुनी पांढरी गाडी आणली, आतल्या सीटा उपटल्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करून बसवला. दारावर लिहिलं, 'काळी माती रेसिंग टीम'. मी म्हटलं, "अहो, नाव तरी जरा झोकदार ठेवा." तर म्हणाले, "अवं, आपली माती ओली असली त गाडी पोटात घेते, सुकली त भेगा पाडते. हिच्यावर जो चालवन, तो कुठंबी चालवन. याच्याहून मोठं नाव कोनतं?"

पहिल्या शर्यतीत आम्ही शेवटून पहिले आलो. परतताना टेम्पोत रफिकभाई, म्हणजे आमचे मेकॅनिक, संत्र्याच्या पेटीवर बसून म्हणाले, "भाभी, गाड़ी पूरी तो हुई ना? अपन को और क्या होना?" संत्र्याच्या पेट्यांत आमचा सगळा संसार असायचा. एकीत स्पार्कप्लग, एकीत पाने, एकीत माझी दशमी-चटणी. इतर टीमा ट्रक घेऊन यायच्या, सारख्या टी-शर्टातली माणसं, तंबू, पंखे. आमच्या पेट्यांना संत्र्याचा वास आणि दशम्यांना ग्रीसचा.

पण दिनूभाऊ चिवट. दोन-तीन वर्षांत रीतसर परवाने झाले, गावातल्या एका टायरवाल्यानं बॉनेटवर आपलं नाव टाकून टायर द्यायला सुरुवात केली, रफिकभाईंना टीमचा महिन्याचा पगार सुरू झाला. छंदाचा धंदा झाला. आणि धंदा झाला तेव्हा दिनूभाऊंनी गॅरेजच्या भिंतीवर नारिंगी ऑइलपेंटनं एक ओळ लिहिली: 'इथं घड्याळ सगळ्यात मोठं.' मालक मोठा नाही, वय मोठं नाही, नातं मोठं नाही. आणि ते घड्याळ माझ्या हातात दिलं.

का माझ्याच? कारण माझी ख्याती तशी होती. शाळेत असताना सख्ख्या भाचीला, शिट्टीच्या आधी पाय हलला म्हणून, मी शर्यतीतून बाहेर काढलं होतं. माझी बहीण दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी. दिनूभाऊ ही गोष्ट साऱ्यांना अशा अभिमानानं सांगायचे, जशी काही मी झाशीच सर केली. रफिकभाई एकदा म्हणाले, दोन घड्याळं ठेवू या, एकाचं चुकलं तर दुसरं असेल. दिनूभाऊ हसले, "दोन घड्याळं म्हनजे दोन सासवा गा रफिक, भांडनच लागन. आपली बाई आहे न!" तेव्हा मलाही हसू आलं होतं. आमच्या साऱ्या टीमची चूक या एका वाक्यात होती, पण त्या वेळी ती कुणाला चूक वाटली नाही, कौतुक वाटलं.

सुजाता आली ती सहाव्या वर्षी. कुहीकडची. बाप ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि ही तो चालवायची. कसला तरी सुटा भाग घ्यायला गॅरेजात आली होती. पावसाचे दिवस, मागच्या अंगणात आमची पांढरी गाडी चिखलात रुतलेली, दिनूभाऊ आणि रफिकभाई दोघं ढकलून घामाघूम. ही एक मिनिट बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, मी काढू का?" बसली आत, पाय इतका हळू ठेवला की इंजिनालाही कळलं नसेल, आणि गाडी मागच्या मागे अशी निघाली की चाकांनी फक्त चुळूक आवाज केला.

दिनूभाऊंनी विचारलं, "कुठं शिकली वं हे?"

"धानाच्या बांधीत. चिखलनी करतानी ब्रेक लावला त ट्रॅक्टर बसते भाऊ. चिखलाले जे पाहिजे ते देऊन द्यायचं अन् मंग आपलं घ्यायचं."

पुढच्या महिन्यात सुजाता टीमची पगारी ड्रायव्हर झाली. तिच्या बापानं गावात सांगितलं, पोरीले नोकरी भेटली, गाडी चालवाची. लोकांनी विचारलं, कोनाले बसवून? तर म्हणाला, "कोनालेच नाही. रिकामी गाडी. नुसती पळवाची!" हे सांगताना तो स्वतःच इतका हसायचा की डोळ्यांत पाणी यायचं.

पोळ्याचा रिवाज आमच्याकडे तिनंच आणला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासलं तो खांदा तूप-हळदीनं, पळसाच्या पानानं शेकायचा आणि बैलाला जेवायचं आमंत्रण द्यायचं. सुजाता कुहीहून पळसाची पानं घेऊन आली आणि गाडीखाली शिरली. "अबे, ही काय करून राहिली?" म्हणून दिनूभाऊ वाकून बघतात तर ही बाई पुढच्या दोन शॉकअपना हळद लावतेय. म्हणाली, "गाडीचे खांदे हेच न भाऊ? सारा मार इथंच बसते." मग बाहेर येऊन बॉनेटवर हात ठेवून, अगदी बैलाला म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही पोट धरधरून हसलो. रफिकभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि फडक्यानं काच पुसून दिली.

तेव्हापासून आमचा हंगाम पोळ्याला सुरू व्हायचा. पावसाळा ओसरला की मातीला एक वास येतो, भाजलेल्या ज्वारीसारखा. ऑक्टोबरचं ऊन डोकं उठवायचं आणि काळी माती दिवसादिवसाला घट्ट होत जायची. दिवाळीपर्यंत तिच्यावर टायरची खूण नुसती उमटायची, रुतायची नाही. थंडी पडली की सकाळी स्टीअरिंग इतकं गार, की सुजाता त्याला आधी दोन्ही हातांनी चोळायची. मी कानटोपी घालून, घड्याळ पदराआड धरून उभी असायची. आजही नोव्हेंबरात सकाळी दूध तापवताना, पातेल्याच्या बुडाची ती घरघर सुरू झाली की माझा उजवा अंगठा आपोआप वाकतो. दूध उतू जातं. दिनूभाऊ आतून ओरडतात, "अवं, लक्ष कुठं आहे?"

लक्ष तिथंच आहे. त्या एका हंगामात.

त्या वर्षी बातमी आली की हंगामाची शेवटची मोठी शर्यत नागपूरलाच होणार, मिहानच्या पलीकडच्या मोकळ्या जमिनीवर. नऊ वर्षं आम्ही टेम्पो घेऊन दुसऱ्यांच्या गावी धावलो, आणि आता सगळे आमच्या गावात येणार! दिनूभाऊंची झोपच उडाली. गिऱ्हाइकांना, भाजीवाल्याला, केस कापणाऱ्याला, सगळ्यांना आमंत्रण. पण नियम असा, की शेवटच्या शर्यतीला प्रत्येक टीमचा एकच ड्रायव्हर. दिनूभाऊ की सुजाता, ते आमच्या घड्याळानं ठरवायचं.

दिनूभाऊ तेव्हा चोपन्न वर्षांचे. साखरेनं डोळे जरा मंद केले होते, हातांना बारीक थरथर आली होती. चहाचा कप बशीत वाजायचा. ते मला दिसायचं आणि मी रेडिओ मोठा करायची, त्यांना स्वतःला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि सुजाता चोवीस वर्षांची. त्या हंगामात तिनं असं काही चालवलं होतं, की दक्षिणेतल्या एका मोठ्या टीमच्या माणसांनी तिची चौकशी केली होती. नागपूरला येऊ, तिला शेवटच्या शर्यतीत बघू, असा निरोप होता. तिच्या आयुष्याचं काय पणाला लागलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

निवडीची सकाळ. कुहीजवळचं सुजाताच्या काकाचं पडीत शेत. आजूबाजूला धान कापून झालेला, तणसाचा वास, धुकं इतकं की दूरची धानाची पुंजणी म्हशी बसल्यासारखी दिसत होती. वळणावळणावर आमच्या संत्र्याच्या पेट्या मांडलेल्या. सुजाताचा बाप बांधावर उकिडवा बसलेला. आमच्याकडे पद्धत अशी: प्रत्येकाला एकच फेरी. घड्याळ मी कुणाला दाखवायची नाही, वेळ तोंडानं सांगायची नाही. सरळ फळ्याकडे जायचं आणि खडूनं लिहायचं. खडूचा आवाज थांबेपर्यंत बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं.

सुजाता आधी गेली. एक मिनिट, बारा सेकंद, चार दशांश. मी लिहिलं. सुंदर फेरी होती. तिची प्रत्येक फेरी सुंदरच असायची, मला त्यात बोलायला जागा नसायची.

मग दिनूभाऊ. गाडीत बसण्याआधी नेहमीप्रमाणे चष्मा माझ्या हातात दिला, दुसरा पट्ट्याचा घातला. हेल्मेट चढवता चढवता हळूच म्हणाले, "हात भल्ले थरथरून राहिले वं आज." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आपल्या गावात एकच खेप धावू दे बाप्पा. मंग नाही मांगत काही."

देवाकडे मागत होते ते. पण ऐकलं मी.

गेले. आले. माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं, जिथं दाबायचं तिथंच दाबलं. एक मिनिट, तेरा सेकंद. बरोबर तेरा, मागे दशांशसुद्धा नाही. मी घड्याळ बघितलं, परत बघितलं. हातातल्या चष्म्यावर त्यांच्या श्वासाची वाफ अजून होती. तिघं पाठ करून उभे: दिनूभाऊ हेल्मेट काखेत धरून, सुजाता हाताची घडी घालून, रफिकभाई आभाळाकडे बघत. मी फळ्यापाशी गेले. एक लिहिला. त्याच्यापुढे एक लिहिला. आणि त्याच्यापुढे तीन लिहायचा, तिथं दोन लिहिला.

अंगठा खोटं बोलला नाही. खडू बोलला. तीस वर्षांत कुणाला पाऊण सेकंद दिला नाही, सख्ख्या भाचीला दिला नाही, आणि नवऱ्याला अख्खा एक दिला. घड्याळ शून्यावर आणलं आणि पदरात बांधलं. एवढंच. पाप करायला वाटतो तेवढा वेळ लागत नाही.

सुजाता वळली. फळ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बोलेल. "बाई, परत बघा," एवढं म्हणाली असती तरी मी रडून मोकळी झाले असते. ती दिनूभाऊंच्या पाया पडली. "भाऊ, जबरदस्त! चार दशांशानं मारलं मले!" तिचा बाप बांधावरून उठून आला. त्याला काही तरी खटकलं होतं. त्यानं आयुष्यभर इंजिनं ऐकली होती, आणि फेरी संपताना कुठलं इंजिन दमलं होतं हे त्याच्या कानाला समजलं असणार. म्हणाला, "पोरी, मले त वाटे का तूच..."

ती त्याला मध्येच म्हणाली, "बाबा, घड्याळ बाईच्या हातात आहे. मंग बोलाचं काय काम?"

मी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. सासूची, मुख्याध्यापकांची, पोरींच्या आयांची. पण या वाक्याएवढं मला कुणी मारलेलं नाही, आणि तिनं ते माझ्या मोठेपणासाठी उच्चारलं होतं.

पुढचे आठ दिवस दिनूभाऊ तरण्या पोरासारखे वागत होते. गॅरेजच्या भिंतीवर, घड्याळाच्या त्या ओळीखाली, त्यांनी नारिंगी रंगानं हंगामाच्या वेळा रंगवल्या. वर 'दिनूभाऊ', पुढे एक-बारा-शून्य. खाली 'सुजाता', एक-बारा-चार. गाणी म्हणत रंगवल्या. चहाचा कपसुद्धा वाजेना. मी स्वतःला समजावलं: एक सेकंद तर आहे! एका सेकंदात माणूस शिंकतो. सुजाताला काय, पुढचं वर्ष पडलंय. म्हातारा एकदा आपल्या गावात धावेल, सगळे टाळ्या वाजवतील, संपलं. माणूस स्वतःला किती छान फसवतो! मी तर मास्तरीण, समजावण्यात हुशार.

शर्यतीच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला. डिसेंबरात, गारांसकट. सकाळी ट्रॅक बघितला तर नुसती काळी राब, पातळ चिखल. सगळ्या टीमांचे चेहरे उतरले, आणि सुजाताचा चेहरा उजळला. उजळला आणि लगेच विझला, कारण तिला आठवलं की आज आपण नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या राबेत साऱ्या देशात तिच्याएवढं कुणी चालवलं नसतं. तो दिवस देवानं कुहीच्या पोरीसाठी बनवला होता.

ड्रायव्हरचं नाव कागदावर सकाळी दहापर्यंत बदलता येत होतं. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा चहाच्या टपरीशी, एकदा गाडीमागे, एकदा अगदी टेबलापाशी. तिथं दक्षिणेतल्या टीमचा माणूस आला आणि मलाच विचारलं, "मैडम, वो लड़की आज चलाएगी ना?" मी म्हटलं, "नहीं. आज हमारे सर." त्यानं मान हलवली आणि तो चहा प्यायला निघून गेला. दहा वाजले.

सुजाता तेव्हा गाडीच्या खिडकीत वाकून दिनूभाऊंना समजावत होती. "भाऊ, तिसऱ्या वयनावर ब्रेक लावू नका. गाडी घसरन, घसरू द्या. आपल्या बांधीवानी. तिले जाऊ द्या अन् मंग बोलवा." ते म्हणाले, "हाव वं माय, समजलं."

समजलं असेलही. पण पाय चोपन्न वर्षांचा होता आणि डांबरावर शिकलेला होता. तिसऱ्या वळणावर ब्रेक लागला. गाडी आडवी झाली, बांधावर चढली आणि उलटली. चारही चाकं आभाळाकडे, फिरतच राहिलेली. पेट्रोलचा आणि ओल्या मातीचा वास. माझ्या हातातलं घड्याळ चालू होतं, ते मी थांबवलंच नाही. सगळ्यांच्या आधी सुजाता धावली. चिखलात अशी धावली, जसं कुणी अंगणात धावतं. तिनंच त्यांना बाहेर ओढलं, तिनंच मांडीवर डोकं घेतलं. पिंजऱ्यानं जीव वाचवला, खुबा मोडला. अँब्युलन्सचं दार लागताना मी बघितलं, तिच्या अंगावर टीमचा नारिंगी टी-शर्ट होता, आणि तो काळा झाला होता.

त्यानंतर सांगण्यासारखं फार नाही. टायरवाल्यानं नाव काढून घेतलं. पुढच्या पोळ्याला टीम नव्हती. रफिकभाई मुलाकडे कामठीला गेले. त्या मोठ्या टीमचा निरोप पुन्हा आला नाही, येणार कशावर? त्यांनी पाहिली ती उलटलेली गाडी. दिनूभाऊ काठी घेऊन चालायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "सुजाता असती त जिंकली असती. पन घड्याळ म्हने मी, त मलेच जा लागत होतं न?" मी हो म्हटलं. तेव्हा 'नाही' म्हणता आलं असतं.

काहून 'नाही' म्हटलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारते, दहा वर्षं विचारून राहिले. खुबा मोडलेल्या माणसाजवळ एवढंच उरलं होतं, की हरलो असेन, उलटलो असेन, पण चोपन्नाव्या वर्षी या पोरीपेक्षा एकदा तरी वेगात होतो. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ते भिंतीकडे बोट दाखवायचे. ते बोट मी कसं खाली करायचं? आणि नाही करायचं तर तिचं काय?

ती आता मिहानात एका कंपनीची स्टाफबस चालवते. सकाळी नेते, संध्याकाळी आणते. एकदा मी तिच्या बसमध्ये बसले होते. रस्ता मोकळा, सरळ, आणि बस एका वेगाच्या पुढे जाईचना. मी विचारलं, "काय झालं गं?" ती हसली, "स्पीड गव्हर्नर आहे बाई. कितीबी दाबा, साठच्या वर जात नाही." तिचा पाय मात्र दाबलेलाच होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये.

आणि ही पोरगी दर पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे येते. दहा वर्षांत एकदा चुकली नाही. पांढरी गाडी आमच्या घरामागे टिनाखाली उभी आहे, टायर बसलेले, दारावरची 'काळी माती' अर्धी उडालेली. सुजाता तिच्याखाली शिरते, हळद लावते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणते. आता कुणी हसत नाही.

यंदाही आली, परवा. यंदा एक जास्तीचं काम होतं. रस्ता रुंदीकरणात गॅरेजची समोरची भिंत जाणार, खुणा करून गेलेत. दिनूभाऊ महिनाभर अस्वस्थ. भिंत जाण्याचं दुःख नाही, तिच्यावरच्या वेळांचं दुःख. म्हणून त्यांनी घरामागची भिंत चुन्यानं रंगवून घेतली, नारिंगी रंगाचा डबा आणला आणि खुर्ची टाकून बसले. त्यांच्या हातानं आता ब्रश धरवत नाही. सुजातानं हळदीचे हात धुतले आणि ब्रश घेतला. आधी ती घड्याळाची ओळ लिहिली, मग 'दिनूभाऊ' लिहिलं. सुंदर अक्षर आहे तिचं.

"बाई," ती म्हणाली, "वेळ तुम्ही सांगा. तुमच्याच तोंडानं. मी लिहीन."

ऊन कलतं होतं. शेजारी कुणाकडे तरी पुरण शिजत होतं, विलायचीचा वास येत होता. मी दोघांकडे बघितलं. आता नाही तर पुन्हा कधीच नाही, भिंतीवर एकदा चढलं की संपलं. दहा वर्षं जे पदरात बांधून ठेवलं ते सोडलं. मी म्हटलं, "एक... तेरा."

बोलले मी. खरं सांगते, मोठ्यानं बोलले.

दिनूभाऊ खुर्चीतून हसले. "घ्या! मास्तरीण म्हातारी झाली!"

सुजाता पण हसली. ब्रश डब्यात बुडवत, मायेनं, शाळेतल्या पोरीला समजवावं तसं म्हणाली, "बाई, तेरा नाही, बारा. मी होती न तिथं. तुम्ही सोता लिहिलं होतं. मले पाठ आहे."

आणि तिनं लिहिलं. एक, बारा, शून्य. खाली स्वतःचं नाव, एक, बारा, चार. मी पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर दिनूभाऊंचे डोळे भरून आले होते, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. ज्या नजरेनं बघत होती, ती माझ्यानं मोडवली नाही.

दिनूभाऊंच्या दोनाच्या शेपटाशी रंग जरा जास्त झाला होता, ओघळू बघत होता. बोटानं पुसता आला असता. सुजाता म्हणाली, "बाई, फुक मारा न जराशी, वाळून जाईन."

मी वाकले आणि त्या दोनावर फुंकर घातली.